आफ्रिकेची जंगल सफारी आणि आपले आरोग्य

परदेशप्रवास म्हटला की पूर्वी लंडन-अमेरिका डोळ्यांसमोर येई, आणि तोही मुलगा किंवा मुलगी तिकडे असली तर. आता तसे राहिलेले नाही. आपल्यासारख्या लहान गावांतूनही निवृत्त शिक्षक, व्यापारी, बागायतदार मंडळी गटागटाने केनिया-टांझानियाची जंगले पाहायला जाऊ लागली आहेत. जुलै ते सप्टेंबर या काळात सेरेंगेटीच्या माळावरून मसाई माराकडे येणारे विल्डबीस्ट या हरणांचे प्रचंड कळप, झाडाखाली सुस्त पडलेले सिंह, चिखलात लोळणारे पाणघोडे हे सारे एकदा तरी पाहावे असेच आहे. ‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतला शब्द. त्याचा अर्थ प्रवास. अरबीतून तो तिकडे गेला आणि आपल्या बोलण्यातला ‘सफर’ही अरबीतूनच आला. म्हणजे शब्द आपल्या नात्यातलाच आहे.

निघण्यापूर्वी लोक विचारतात ते बहुधा सिंह-बिबट्यांविषयी. गाडी उघडी असते का? तंबूत रात्री जनावर शिरत नाही ना? हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. परंतु ज्याच्याविषयी कोणी विचारत नाही, तो धोका सिंहापेक्षा कितीतरी मोठा आहे. आजच्या लेखात मुख्यत्वे त्याचीच माहिती घेऊ.

जुना धडा

सन १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. त्या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेण्यात आले होते. १८९८ साली त्सावो नदीवरील पुलाचे काम चालू असताना दोन नरभक्षक सिंहांनी अनेक महिने धुमाकूळ घातला. तंबूंतून माणसे ओढून नेली. त्यांना मारणारे अभियंता पॅटरसन यांनी २८ भारतीय मजूर बळी पडल्याचे लिहून ठेवले आहे. या सिंहांवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. पण त्या रेल्वेच्या कामावर एकूण सुमारे अडीच हजार भारतीय मजूर दगावले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांतले बहुसंख्य रोगराईने आणि अपघातांनी गेले. सिंहाची गोष्ट झाली, तापाची झाली नाही.

आज काळ बदलला आहे. लशी आहेत, औषधे आहेत. तरीही जंगलातल्या मुक्कामी एक गोष्ट फारशी बदललेली नाही. तिथे जवळपास दवाखाना नसतो, औषधाचे दुकान नसते, वीज सौरऊर्जेवर ठरावीक वेळच मिळते आणि मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते. मसाई मारापासून नैरोबीला मोटारीने पोहोचायला पाच-सहा तास लागतात. म्हणून सफारीतल्या आरोग्याची निम्मी तयारी घरूनच करून निघावे लागते.

सहा ते आठ आठवडे आधी

तिकिटे काढली की त्याच आठवड्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. काही लशींचा परिणाम दिसायला वेळ लागतो, काहींचे एकापेक्षा अधिक डोस असतात. आदल्या दिवशी धावतपळत जाऊन उपयोग होत नाही. जाताना प्रवासाचा कार्यक्रम लिहून न्यावा. कोणता देश, कोणते जंगल, कोणत्या महिन्यात, किती दिवस, मुक्काम पक्क्या इमारतीत की तंबूत, हे सारे डॉक्टरांना कळले पाहिजे. धनुर्वाताची लस चालू आहे ना ते पाहावे. विषमज्वर, ‘अ’ प्रकारची कावीळ आणि रेबीज यांच्या लशींविषयी विचारावे.

दात दुखत असेल तर इथेच दाखवून घ्यावा. ही बाब किरकोळ वाटते, पण जंगलात मध्यरात्री दाढ ठणकू लागली म्हणजे साऱ्या सहलीचा विचका होतो.

पीतज्वराची लस

केनिया, युगांडा अशा देशांत जाणाऱ्यांना पीतज्वर म्हणजे ‘यलो फीवर’ची लस घ्यावी लागते. सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच ती मिळते आणि तिथेच पिवळ्या रंगाचे प्रमाणपत्र देतात. टोचल्यानंतर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र ग्राह्य होते. पूर्वी ते दहा वर्षे चालत असे. जुलै २०१६ पासून नियम बदलला असून आता एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरली जाते. जुने कार्ड घरात असेल तर शोधून ठेवावे, टाकून देऊ नये.

या प्रमाणपत्राबाबत आपले सरकार इतके कडक का, असे पुष्कळजण विचारतात. कारण साधे आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस डास, म्हणजेच डेंग्यूचा डास, आपल्याकडे घरोघरी आहे. पिंप-हौदातल्या, कुलरमधल्या, टायरमधल्या साठलेल्या पाण्यात तो वाढतो. मात्र पीतज्वराचा विषाणू भारतात नाही. तो एखाद्या प्रवाशाबरोबर आला तर काय होईल याची कल्पनाच करवत नाही. म्हणूनच पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवण्यात येते.

ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची आहे. मॅक्स थायलर यांनी ती १९३७ साली तयार केली आणि १९५१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ती कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना देत नाहीत. नऊ महिन्यांखालील बालके, गर्भवती स्त्रिया, कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेले रुग्ण यांनाही सहसा देत नाहीत. साठी ओलांडलेल्यांनी पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता थोडी वाढते, म्हणून त्यांनी डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवावे. लस घेणे शक्य नसेल तर जंगल पाहण्याचा बेतच रद्द करावा असे नाही. दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया हे देश पीतज्वराच्या पट्ट्यात येत नाहीत, आणि तिथली जंगलेही तितकीच प्रेक्षणीय आहेत.

हिवताप : खरा शत्रू

आता मुख्य विषयाकडे वळू. ‘मलेरिया ना? तो आपल्याकडेही आहे, आपल्याला त्याची सवय आहे,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ही समजूत चुकीची आणि घातक आहे.

हिवतापाचे जंतू एकापेक्षा अधिक प्रकारचे असतात. आपल्याकडे बहुतेक भागांत आढळणारा व्हायवॅक्स हा प्रकार रुग्णाला हैराण करतो, पण सहसा जीव घेत नाही. फाल्सिपेरम हा दुसरा प्रकार मेंदू, मूत्रपिंड आणि फुप्फुसे यांवर हल्ला करतो. गडचिरोलीकडच्या वाचकांना तो चांगला परिचित आहे. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला जो हिवताप होतो, तो जवळजवळ सगळा या फाल्सिपेरमचाच असतो. जगातील हिवतापाच्या दर १०० मृत्यूंपैकी ९० हून अधिक मृत्यू एकट्या आफ्रिका खंडात होतात. सकाळी नुसती कणकण असलेला माणूस दुसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतो.

सवयीचे म्हणाल तर, हिवतापाविरुद्ध थोडीफार शक्ती येते ती वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लागण होणाऱ्या माणसांना. ती अपुरी असते आणि त्या भागातून दूर राहायला गेल्यावर कमी होत जाते. लहानपणी एकदा मलेरिया झाला होता, एवढ्याने काही संरक्षण मिळत नाही. नैरोबी किंवा कंपाला इथे जन्मून नंतर पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांनाही हाच नियम लागू आहे.

हिवतापाचा डास म्हणजे ॲनॉफिलिस. डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्याच देशात, सिकंदराबादला शोधून काढले. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. जंगलात नेमक्या याच वेळी प्रवासी शेकोटीभोवती अर्ध्या चड्डीत गप्पा मारत बसलेले असतात. म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण लांबीची विजार आणि मोजे चढवावेत. उघड्या राहिलेल्या हातांना, मानेला आणि घोट्यांना डास पळवणारे मलम लावावे. ‘डीट’ हे द्रव्य असलेले मलम सर्वांत भरवशाचे. त्याचे प्रमाण २० ते ३० टक्के असेल तर कित्येक तास परिणाम टिकतो. कमी प्रमाणाचे मलम असेल तर ते पुन्हा पुन्हा लावावे लागते. उन्हाचे मलमही लावायचे असेल तर आधी ते आणि त्यावर डासांचे, हा क्रम ठेवावा.

मच्छरदाणी तंबूत असतेच, पण ती फाटलेली नाही ना हे दिवसाउजेडी तपासावे. झोपताना कडा गादीखाली खोचाव्यात. लसूण खाणे, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे, अंगाला तेल चोळणे या उपायांनी हिवताप टळतो याला आधार नाही. त्यांच्या भरवशावर राहू नये.

हिवताप-प्रतिबंधक गोळ्या

मलम आणि मच्छरदाणी यांच्या जोडीला गोळ्याही घ्याव्या लागतात. आपल्याकडे पूर्वापार परिचित असलेली क्लोरोक्विन इथे चालत नाही. आफ्रिकेतले जंतू तिला दाद देत नाहीत. आज तीन औषधे वापरली जातात आणि ती सर्व डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची आहेत.

डॉक्सिसायक्लिन रोज घ्यायची असते. प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. ती पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. नाही तर अन्ननलिकेत जळजळ होते. या गोळीने ऊन लवकर बाधते. गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ती सहसा देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, परंतु दोन-तीन आठवडे आधीपासून सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. फिट्स येणाऱ्या किंवा मानसिक आजार झालेल्या व्यक्तींना ती देत नाहीत. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे तिसरे औषध रोज घ्यायचे. प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत. ते महाग पडते.

यांतली कोणतीही गोळी घेतली तरी एक चूक सर्रास होते. घरी पोहोचल्यावर ‘आलो एकदाचे सुखरूप’ म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. शेवटच्या मुक्कामी डास चावला असेल तर त्याचे जंतू शरीरात तेव्हा नुकते कुठे वाढू लागलेले असतात. म्हणून ठरलेला काळ पुरा केलाच पाहिजे.

गर्भवती स्त्रियांनी आणि अगदी लहान मुलांच्या आईवडिलांनी हिवतापाच्या प्रदेशातली सफारी पुढे ढकलणेच इष्ट. जायचेच असेल तर दक्षिण आफ्रिकेतील पिलान्सबर्गसारखी हिवताप नसलेली अभयारण्ये निवडावीत.

दिवसा चावणारी माशी

डास रात्रीचा, तर त्सेत्से माशी दिवसाची. घरमाशीपेक्षा ती थोडी मोठी असते आणि बसताना कात्रीच्या पात्यांसारखे पंख एकावर एक ठेवते. तिचा चावा चांगलाच झोंबतो, पातळ कपड्यातूनही ती चावते. धावत्या गाडीकडे ती आकर्षित होते, तसेच निळ्या आणि काळ्या रंगाकडेही. तिला पकडण्याचे सापळे याच रंगांच्या कापडाचे करतात. म्हणून जीनची निळी पँट घरी ठेवून खाकी, मातकट रंगाचे जाड कपडे न्यावेत. मलमांचा या माशीवर फारसा परिणाम होत नाही. माशा दिसू लागल्या की गाडीच्या काचा वर कराव्यात.

या माशीमुळे निद्रारोग होतो. पर्यटकांना तो क्वचितच होतो. पण २००१ साली टांझानियातील सेरेंगेटी आणि तारांगिरे इथे जाऊन आलेल्या काही पर्यटकांना तो झाला होता. चावलेल्या जागी दुखरी गाठ येणे, ताप आणि तीव्र डोकेदुखी ही सुरुवातीची लक्षणे. पूर्व आफ्रिकेतला हा प्रकार काही आठवड्यांत मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. त्यावर लस नाही, प्रतिबंधक गोळी नाही, पण लवकर ओळखला तर उपचार आहेत. आपल्याकडे गुराघोड्यांना ‘सर्रा’ नावाचा रोग होतो, त्याचे जंतू याच कुळातले. ते सहसा माणसाला बाधत नाहीत, तरी २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ते सापडले होते. तेव्हा या कुळाशी आपला अगदीच संबंध नाही असे नाही.

दक्षिण आफ्रिकेत गवतातून पायी फिरताना गोचिडी चिकटतात. त्यांच्यामुळे ताप येतो आणि चावलेल्या जागी काळी खपली धरते. पायजम्याचे टोक मोज्यात खोचावे आणि रात्री अंग तपासावे. जांघ, काखा आणि कानामागे विशेष पाहावे.

पाणी आणि पोट

प्रवासात सर्वांत जास्त त्रास होतो तो जुलाबांचा. सील न फुटलेल्या बाटलीतले किंवा उकळलेलेच पाणी प्यावे. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे. दोन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे. दात घासायलाही हेच पाणी वापरावे. बर्फ घेऊ नये. कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळे टाळावीत. गरम गरम वाढलेले अन्न आणि स्वतः सोललेले केळे-संत्रे सुरक्षित.

केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांत जून २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर तर केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून बंदी आहे. म्हणून स्टीलची बाटली न्यावी आणि औषधे कापडी पिशवीत किंवा डब्यात भरावीत.

जुलाब सुरू झाले तर पहिले औषध म्हणजे जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे साधे मिश्रण पाजून कितीतरी जीव वाचवले. पाकिटे सोबत न्यावीतच. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ जास्त पडू देऊ नये. जुलाब थांबवणारी गोळी ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना घेऊ नये.

आपली माणसे खाकरा, चिवडा, मेतकूट बरोबर नेतात. ते उत्तमच. मात्र तंबूत खाद्यपदार्थ, विशेषतः फळे, उघडी ठेवू नयेत. वासाने बबून माकडे आत शिरतात, क्वचित हत्तीही येतो. खाऊ छावणीच्या स्वयंपाकघरात ठेवायला द्यावा.

भगिनींना एक सूचना. दिवसभर गाडीत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पुष्कळजणी पाणीच पीत नाहीत. धूळ आणि ऊन यांत तसे केल्याने लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग आणि चक्कर असे त्रास होतात. पाणी कमी करू नये. वाटाड्याला निःसंकोच सांगावे, तो सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवतो. वापरलेले पॅड जंगलात टाकू नयेत, कागदी पिशवीत गुंडाळून छावणीत परत आणावेत.

तळ्यात पाय घालू नये

व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवराचे निळे पाणी पाहून पोहण्याचा मोह होतो. मगर आणि पाणघोड्याखेरीज तिथे आणखी एक धोका आहे. गोगलगायींमधून बाहेर पडणारी सूक्ष्म अळी पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या धडधाकट कातडीतून आत शिरते. हा बिल्हार्झिया रोग. थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ साली कैरोमध्ये त्याचा जंतू शोधला. लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणे हे त्याचे लक्षण काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसते. भारतात हा रोग जवळजवळ नाहीच. मात्र १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी तो आढळल्याची वैद्यकीय नोंद आहे. क्लोरिन घातलेल्या तलावात पोहायला हरकत नाही. चुकून तळ्यात उतरलाच असाल तर परतल्यावर डॉक्टरांना तसे सांगावे. आवश्यक त्या तपासण्या आणि गुणकारी औषध दोन्ही आहेत.

मधुमेह, रक्तदाब आणि वयस्कर मंडळी

सफारीची गाडी पहाटे सहाच्या सुमारास निघते, तेव्हा बहुतेकांचा नाश्ता व्हायचा असतो. परत यायला दहा-अकरा वाजतात. मधुमेही व्यक्तीने नेहमीच्या सवयीने पहाटे इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि खायला मिळाले नाही, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. गोळ्यांची वेळ कशी बदलायची हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि खिशात साखर-गोळ्या ठेवाव्यात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनीही तिची वेळ विचारून ठेवावी.

इन्सुलिन विमानात सामानाच्या डब्यात देऊ नये, तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. हातातल्या पिशवीत ठेवावे आणि सोबत डॉक्टरांचे पत्र असावे. चालू कुपी २५ ते ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. शीतकपाट नसेल तिथे कुपी कोरड्या डबीत घालून ती डबी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत वाऱ्यावर ठेवावी. आपल्या माठाचेच हे तत्त्व आहे.

आफ्रिका म्हणजे उकाडा असे समजून बरेचजण स्वेटर नेत नाहीत. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच. गोरोंगोरो विवराचा काठ सुमारे २,३०० मीटरवर आहे. जून-जुलैत पहाटे उघड्या गाडीत कडाक्याची थंडी वाजते. दम्याच्या रुग्णांना थंडी आणि धूळ दोन्हींचा त्रास होतो. त्यांनी फवारा खिशातच ठेवावा आणि नाकाला सुती रुमाल बांधावा. रस्ते खडबडीत असल्याने पाठदुखी असणाऱ्यांनी मागच्या चाकावरची जागा टाळावी. पट्टा असेल तर बांधावाच. परदेशात प्रवासी दगावण्याचे एक मोठे कारण रस्त्यावरचे अपघात हे आहे, म्हणून रात्रीचा मोटारप्रवास टाळावा.

तंबूतली रात्र

गाडीतून खाली उतरू नये, उभे राहून बाहेर वाकू नये. अंधार पडल्यावर तंबूतून जेवणाच्या जागी जाताना छावणीचा रखवालदार सोबत घ्यावा. रात्री पाणघोडे चरायला बाहेर येतात. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये सापडणे फार धोक्याचे. तंबूची साखळी पूर्ण लावावी, बॅटरी उशाशी ठेवावी, सकाळी बूट झटकून मगच पाय घालावा. कोणत्याही जनावराने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या उपचारासाठी सहल सोडून त्वरित शहर गाठावे.

विमा उतरवताना ‘रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च’ त्यात आहे का ते पाहावे. पूर्व आफ्रिकेत १९५७ पासून ‘फ्लाइंग डॉक्टर्स’ ही सेवा आहे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून डॉक्टर विमानाने थेट जंगलातल्या धावपट्टीवर येतात. आपल्या सहल कंपनीने अशी कोणती सोय केली आहे हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे.

सोबतची पिशवी

१) रोजची औषधे, ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट, निम्मी स्वतःजवळ, निम्मी सोबत्याजवळ.
२) औषधांची मूळ नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी.
३) हिवताप-प्रतिबंधक गोळ्या, डासांचे मलम.
४) जलसंजीवनीची पाकिटे, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या.
५) पॅरासिटामॉल आणि तापमापक.
६) पट्ट्या, जंतुनाशक मलम, चिमटा, कात्री (चिमटा-कात्री मोठ्या सामानात).
७) टोपी, गॉगल, उन्हाचे मलम, जादा चष्मा.
८) रक्तगट, ॲलर्जी, आजार आणि घरचा फोन लिहिलेले कार्ड.

परत आल्यावर

या लेखातले बाकी सारे विसरलात तरी एवढा भाग लक्षात ठेवावा.

आफ्रिकेतील हिवताप डास चावल्यानंतर किमान सात दिवसांनी आणि बहुधा महिनाभरात डोके वर काढतो. म्हणजे पुष्कळदा माणूस घरी येऊन फोटो दाखवत असतो तेव्हा. ताप येतो, अंग दुखते, मळमळते, कधी जुलाबही होतात. पावसाळा असला की घरचे म्हणतात, साथ आहे. डॉक्टरांसमोर डेंग्यू, विषमज्वर, लेप्टो यांची रांग असते. रुग्णाने आपण होऊन सांगितले नाही, तर तो गेल्या महिन्यात मसाई मारात होता हे कोणाच्या ध्यानी येणार? दोन-तीन दिवस तापाच्या गोळ्यांवर निघून जातात आणि फाल्सिपेरमला तेवढे दिवस पुरेसे होतात.

म्हणून परतल्यापासून तीन महिन्यांत ताप आला, मग तो कितीही थोडा असो आणि गोळ्या कितीही नियमित घेतलेल्या असोत, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि पहिले वाक्य हेच बोलावे : ‘मी आफ्रिकेच्या जंगलात जाऊन आलो आहे, माझे रक्त आजच हिवतापासाठी तपासा.’ वर्षभरात केव्हाही ताप आला तरी प्रवासाचा उल्लेख जरूर करावा. पहिल्या तपासणीत जंतू दिसले नाहीत तर तेवढ्यावर समाधान मानू नये. १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा तपासणी करावी लागते. गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, कावीळ, धाप लागणे किंवा काळसर लघवी यांपैकी काहीही दिसले तर गावात न थांबता मोठे रुग्णालय गाठावे. आर्टेसुनेट या इंजेक्शनाने आज असे रुग्ण वाचतात, मात्र ते वेळेवर मिळाले पाहिजे. ते ज्या आर्टेमिसिनिनपासून बनते, त्याच्या शोधाबद्दल चीनच्या तू योयो यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले आहे.

ही गोष्ट केवळ स्वतःला ठाऊक असून भागत नाही. रुग्ण बेशुद्ध झाला तर बोलणार कोण? म्हणून घरातल्या माणसांना, शेजाऱ्यांना आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना प्रवासाची कल्पना देऊन ठेवावी. प्रवासाची तारीख आणि देशाचे नाव एका कागदावर लिहून तो वर्षभर औषधांच्या डब्यात ठेवावा. एवढी काळजी घेतली तर वाचकांनी जंगलाचा आनंद अवश्य लुटावा.